आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, युनिटीशिवाय व्हीआर ॲप जमेल का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं: दर्यापूरकडे खेड्यात राहता, सी++ येतं, लॅपटॉप आठ जीबीचा, हाती मेटाचा व्हीआर हेडसेट क्वेस्ट ३ आलाय आणि जो तो म्हणतो आधी युनिटीच (गेम आणि व्हीआर ॲप बनवायचं तयार इंजिन) शीक.

जो तो म्हणजे ज्याच्या घरी फायबर आहे आणि लाईन जात नाही तो. युनिटी आणि तिचं अँड्रॉइड मॉड्यूल मिळून कित्येक जीबी मोबाईलच्या डेटावर उतरवा, आठ जीबीत एडिटर रखडत उघडा, आणि पहिलं बिल्ड होईस्तोवर लॅपटॉपची बॅटरी खलास. खेड्यात नेटिव्हच परवडतं, म्हणजे इंजिनाशिवाय थेट सी++ मध्ये लिहिणं. हेडसेटच्या आत शेवटी अँड्रॉइडच आहे. एनडीके (अँड्रॉइडसाठी सी++ कंपाइल करणारा संच), सीमेक आणि ग्रेडल (बिल्ड करणारी टूल्स) आणि ख्रोनोस या संस्थेचा ओपनएक्सआर लोडर (ओपनएक्सआर म्हणजे ॲपने हेडसेटशी बोलायची सामाईक पद्धत), बस. अँड्रॉइड स्टुडिओ उघडायचीही गरज नाही, कमांड लाइन टूल्स पुरतात. सगळं एकदा उतरलं की ग्रेडल ऑफलाइन चालवा. बिल्ड फक्त एआरएम६४ साठी, म्हणजे हेडसेटच्या प्रोसेसरच्या प्रकारासाठी करा. मेटाचं जुनं व्हीआर-एपीआय शिकवणारा व्हिडिओ दिसला तर बंद करा; २०१९ साली ओपनएक्सआर १.० आलं आणि मेटानेही पुढे तेच धरलं.

नमुना म्हणून ख्रोनोसचा हॅलो-एक्सआर घ्या. पहिलं ॲप अडकतं ते बहुतेक क्रमामुळे. अँड्रॉइडवर सगळ्यात आधी लोडर इनिशियलाइझ करायचा, त्याला जावा व्हीएम आणि ॲक्टिव्हिटी द्यायची. मग इन्स्टन्स (ॲपची ओपनएक्सआरशी जोडणी), मग सिस्टिम (म्हणजे हेडसेट). सेशन (हेडसेटवर ॲप चालतं ते सत्र) बनवण्याआधी ग्राफिक्स रिक्वायरमेंट्सचं फंक्शन बोलवावंच लागतं, त्याचं उत्तर तुम्हाला नको असलं तरी. नाहीतर सेशन एरर देऊन परत येतं. आणि सेशन बनलं म्हणजे सुरू झालं असं नाही. दर फेरीला इव्हेंट वाचत राहायचे, स्थिती 'रेडी' आली की मगच बिगिन सेशन. इव्हेंट वाचलेच नाहीत तर हेडसेटमध्ये लोडिंगच फिरत राहतं आणि लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदींत) चूक म्हणून काही सापडत नाही. पुढे दर फ्रेमला वेट फ्रेम, बिगिन फ्रेम, एंड फ्रेम ही तिन्ही फंक्शनं. 'शुड रेंडर' (आता चित्र काढायचं का) खोटं आलं तरी एंड सोडू नका, शून्य लेयर देऊन पाठवा.

प्रोजेक्शन मॅट्रिक्स (त्रिमिती दृश्य सपाट चित्रात उतरवणारं गणित) तयार लायब्ररीतून उचलू नका. प्रत्येक डोळ्याचे डावा, उजवा, वर, खाली असे चार कोन हेडसेटमधला ओपनएक्सआर रनटाइम देतो आणि ते सारखे नसतात. सममित प्रोजेक्शन लावलं तर चित्र दिसतं, पण जरा वेळाने डोकं धरतं. रंग फिके वाटले तर स्वॅपचेनचा (ज्या बफरांत चित्र काढता त्यांचा) एसआरजीबी हा रंगांचा फॉरमॅट तपासा. ॲप चपट्या खिडकीत उघडलं तर मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) व्हीआरची इंटेंट कॅटेगरी राहिलीय.

७२ हर्ट्झला दोन्ही डोळ्यांचं मिळून १३.९ मिलिसेकंदांत उरकायचं असतं. म्हणून मल्टीव्ह्यू (दोन्ही डोळ्यांचं चित्र एकदमच काढणं) पहिल्या दिवसापासून लावा. चारपट एमएसएए (कडा गुळगुळीत करणं) हेडसेटच्या चिपवर स्वस्त पडतं, पण ब्लूमसारखा (उजेडाभोवती चमक देणारा) पूर्ण स्क्रीनचा इफेक्ट महाग, कारण त्यात टाइल-मेमरीतलं (चिपच्या आतल्या छोट्या मेमरीतलं) चित्र मुख्य मेमरीत टाकून परत वाचावं लागतं.

आता आपल्याकडचं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चिप तापून आपला वेग कमी करते; तेव्हा फ्रेमचा हिशोब दुपारी घेऊ नका, किंवा दुपारीच घ्या आणि तोच खरा धरा. हेडसेट अंगणात किंवा खिडकीशी ठेवू नका: लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग. रात्री लाईन गेली तर लॅपटॉप चालेल, पण कॅमेऱ्यांना अंधारात खोली दिसत नाही, ट्रॅकिंग जातं. चार्जिंगचा बल्ब ठेवा. एडीबीला (लॅपटॉपवरून हेडसेटशी बोलणाऱ्या टूलला) हेडसेट दिसत नसेल तर आधी केबल बदला, फोनसोबतच्या बऱ्याच केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. हेडसेट सारखा घालून-काढून वैताग येत असेल तर दोन लेन्सच्या मध्ये असलेल्या सेन्सरवर काळी टेप लावा, म्हणजे हेडसेट झोपणार नाही.

आणि हो, युनिटीवाल्यांचं एक खरं आहे: नोकरीच्या जाहिरातीत तिचंच नाव जास्त दिसतं. नेटिव्हमध्ये साधं बटण, मराठी मजकूर, आवाज, सगळं स्वतः उभं करावं लागतं. देवनागरीला हार्फबझ (अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) जोडल्याशिवाय जोडाक्षरं तुटतात. मोठा गेमच काढायचा असेल तर गोडो हे दुसरं गेम इंजिन बघा, तो डाउनलोडलाही हलका आहे. स्वतःचं ॲप हेडसेटवर चढवायला लागतो तो डेव्हलपर मोड मेटाच्या फोनवरच्या ॲपमधून चालू होतो, पण आधी मेटाच्या साइटवर डेव्हलपर खातं काढून ते व्हेरिफाय करावं लागेल.