विचारा मास्तरांना : होमला उभी गाडी

प्रश्न : मास्तर, गेल्या महिन्यात पुण्याहून कोयनेनं येत होतो. जरंडेश्वर मागे पडलं, पिशव्या घेऊन दाराशी आलो आणि गाडी सातारा स्टेशनच्या अलीकडे वीस-बावीस मिनिटं उभी! ड्रायव्हर मधूनमधून नुसत्या शिट्ट्या मारतोय. आज भाजीवालासुद्धा फोनवर पैसे घेतो. मग ड्रायव्हरनं स्टेशन मास्तरला फोन लावून ‘येऊ का’ एवढं विचारायला काय हरकत आहे? मास्तर ‘या’ म्हणाला की झालं!
– एक प्रवासी, माहुली

उत्तर : विचारतो की! तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच. ड्रायव्हरजवळ वॉकीटॉकी असतो. (आता त्याला लोको पायलट म्हणायचं, पण माझ्या जिभेला ते वळण नाही.) चालत्या गाडीत स्वतःचा मोबाईल मात्र त्यानं बंद ठेवायचा असतो. गाडी होमला, म्हणजे स्टेशनात शिरायच्या आधीच्या सिग्नलला, थांबली की तो स्टेशनला पुकारतो आणि मास्तर सांगतो, ‘दोनवरची निघाली की घेतो.’ दहा सेकंदांचं काम. त्याला बातमी मिळाली. परवानगी नाही मिळाली. परवानगी देणार तो सिग्नल.

हा फरक माझ्या डोक्यात नीट शिरला तो एका पावसाळी रात्री. घाटाजवळचं स्टेशन, नाव नको. तेव्हा एकेरी मार्ग होता. क्रॉसिंग होतं, म्हणून पुण्याकडच्या होमला मालगाडी उभी आणि मिरजेकडच्या होमला पॅसेंजर. मालगाडीला आधी लूपवर (बाजूच्या रुळावर) घ्यायचं ठरवून मी वॉकीटॉकीवर म्हणालो, ‘चला, घेतोय तुम्हाला.’ गाडीचा नंबर नाही, बाजू नाही, काही नाही. पलीकडून ‘बरं मास्तर’ आलं आणि मी दचकलो. आवाज पॅसेंजरच्या ड्रायव्हरचा! चॅनेल एकच, ऐकत होते दोघंही. सिग्नलच्या पॅनेलकडे पाहिलं, तर त्याचा होम लालच. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘मास्तर, घेतोय म्हणताय, पण सिग्नल कुठं दिलाय?’ गाडी त्यानं तसूभरही हलवली नव्हती. माझ्या तोंडच्या शब्दापेक्षा त्यानं लाल दिव्यावर जास्त विश्वास ठेवला, म्हणून मी आज हे सदर लिहितोय. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी सरकवली : आधी गाडीचा नंबर, मग बाजू, मग सिग्नल, मग काय ते बोलायचं, आणि समोरच्याकडून सगळं परत म्हणवून घ्यायचं. बदली होईपर्यंत ती तिथंच होती.

सिग्नलच बिघडला तर? तर मास्तर आधी वाट मोकळी आहे आणि पॉइंट (गाडीला या रुळावरून त्या रुळावर नेणारे सांधे) बरोबर बसलेत याची खात्री करतो, मग लेखी मेमो काढतो. त्याला आम्ही टी ३६९ (३ बी) म्हणतो. पॉइंट्समन तो कागद घेऊन भर पावसात सिग्नलच्या खांबापर्यंत चालत जातो. काही ठिकाणी खांबावरच टेलिफोनची पेटी असते. तिच्यावरून मास्तर परवानगी देऊ शकतो, पण तीही प्रायव्हेट नंबर, म्हणजे परवानगीची खूण म्हणून द्यायचा गुप्त आकडा, सांगून. तो नंबर ड्रायव्हर लिहून घेतो, इकडे मास्तरच्या कागदावरही राहतो. पुढं ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय नाही.

शिट्टी मात्र जुन्या काळातली. वॉकीटॉकी नव्हते तेव्हा स्टेशनच्या पहिल्या, थांबायला लावणाऱ्या सिग्नलला पाच मिनिटं गेली की शिट्टी द्यायची आणि गाडीवरचा एक माणूस केबिनला (जिथून सिग्नल हलवतात तिथं) किंवा स्टेशनात पाठवायचा. कारण केबिनवाला विसरू शकतो! १९१० साली २४ डिसेंबरला इंग्लंडात हॉझ जंक्शनला तेच झालं. दोन नुसती इंजिनं सिग्नलपाशी उभी होती. केबिनवाला त्यांना विसरला आणि इंजिनावरचं कोणी आठवण करून द्यायला गेलं नाही. त्यानं मागून येणाऱ्या एक्स्प्रेससाठी सिग्नल पाडले, म्हणजे ‘जा’ म्हणून दिले. इंजिनवाल्यांना वाटलं, आपल्यालाच दिले. ती निघाली आणि एक्स्प्रेसनं त्यांना गाठलं. १२ माणसं गेली.

म्हणजे कुणी केबिनला गेलं असतं तर भागलं असतं, असं वाटतं ना? साडेचारेक वर्षांनी, १९१५च्या मे महिन्यात, स्कॉटलंडात क्विंटिन्सहिलला उभ्या गाडीचा फायरमन (इंजिनात कोळसा घालणारा) केबिनमध्ये गेला होता. रजिस्टरात सहीसुद्धा केली. पण त्या गाडीमागचा सिग्नल चुकून पडू नये म्हणून खटक्यावर जे कडं अडकवायचं, ते कोणी अडकवलंच नाही. सैनिकांची गाडी येऊन आदळली. दोनशेवर माणसं मेली. सांगणारा सांगून गेला, ऐकणारा विसरला.

तुमची गाडी कशामुळे थांबली होती ते मला इथं बसून कसं कळणार? फलाट रिकामा नसेल, नाहीतर पुढचं फाटक लागलं नसेल. मात्र एक सांगतो, होमला गाडी थांबली की पिशवी घेऊन खडीवर उड्या मारणारे दोन-चार असतातच. दुसऱ्या रुळावरून येणारी गाडी तुमच्यासाठी शिट्टी मारेलच असं नाही.

प्रश्न : मुंबईत लोकल लाल सिग्नल ओलांडून जाताना मी स्वतः पाहिली. हे कसं चालतं?
– विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : त्या खांबावर ‘ए’ अक्षराची पाटी असणार. तो ऑटोमॅटिक सिग्नल, पुढच्या गाडीच्या हालचालीवर आपोआप बदलणारा. तिथं दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि मग पुढं गाडी उभी आहे असं धरून अगदी हळू निघायचं. ‘ए’ नसलेल्या, होमसारख्या सिग्नलला हे लागू नाही. पुढच्या खेपेला पाटी बघा.