टायपिस्ट बाबा लॅपटॉपला हात का लावत नाहीत?

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, जिल्हा परिषदेतून टंकलेखक म्हणून निवृत्त झाले. मराठी टायपिंगमध्ये ऑफिसात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हौसेनं लॅपटॉप आणून दिला, पण शिकवायला बसलं की दहा मिनिटांत चिडून उठतात. वयामुळे होतं का हे? – एक मुलगा, सातारा

उत्तर : वयाच्या माथी मारू नका. ज्यांची बोटं न बघता चालायची, त्यांना आज पोटच्या पोरासमोर एकेक अक्षर शोधावं लागतंय. चिडतील नाही तर काय?

तुम्ही बहुधा इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाणित मांडणी) किंवा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार मराठी) कळफलक लावून दिला असेल. त्यांच्या बोटांत रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची कळमांडणी, बसलाय. तो युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकावरच्या आजच्या मराठी अक्षरांसाठीही, मिळतो. आधी तोच टाकून द्या. एखाददुसरं चिन्ह वेगळ्या कळीवर सापडेल, तेवढं ते एका बैठकीत उचलतील.

खरी खोच जुन्या सवयींत आहे. टाइपरायटरवर कळ ठासून मारायची. इथे ती क्षणभर जास्त दाबली गेली की 'ककककक' उमटतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या कीबोर्डमध्ये 'रिपीट डिले' (अक्षर पुन्हा उमटण्याआधीचा वेळ) लाँगकडे सरकवा. उजवी शिफ्ट धरून अक्षर शोधत राहिलं की ८ सेकंदांनी फिल्टर कीजची (क्षणिक किंवा पुन्हापुन्हा दाबलेल्या कळा दुर्लक्षिणारी सोय) चौकट उघडते. शिफ्ट सलग ५ वेळा दाबली तर स्टिकी कीजची (शिफ्टसारखी कळ धरून न ठेवता वापरायची सोय). बाबांना वाटतं, आपणच काहीतरी बिघडवलं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, इथे दोन्हींचे शॉर्टकट बंद करा. शिवाय टाइपरायटरवर ओळ संपत आल्याची घंटी वाजली की कॅरेज (कागदाचा सरकता रूळ) ओढायची, ही सवय एंटरवर उतरते. मग फॉन्ट मोठा केला की ओळी वेड्यावाकड्या तुटतात. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर, एवढंच सांगा.

डबल-क्लिकचा हट्ट सोडा. दोन क्लिकच्या मध्ये माउस जरा हलला तरी फाइल उघडत नाही, उलट भलतीकडे सरकते. एक क्लिक आणि एंटर पुरे. कंट्रोल-झेड मात्र पहिल्याच दिवशी दाखवा. चुकलेलं परत घेता येतं हे कळलं की निम्मी धास्ती जाते. आणि 'थांबा, मीच करतो' म्हणत माउस ओढून घेऊ नका. बहुतेक घरांत शिकवणी तिथेच मोडते.

सुरुवातीला त्यांच्याच गरजेचा एखादा अर्ज टाइप करू द्या आणि छापून हातात द्या. ऑनलाइन बँकेचा विषय एवढ्यात नको. ओटीपीची त्यांना वाटणारी भीती रास्त आहे, तिची थट्टा तर मुळीच नको.