हॉस्पिटलचे सौदे करायचे असतील तर

सप्रेम नमस्कार,

लॉ फर्मच्या एम अँड ए (कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या) टीममधून हॉस्पिटलच्या सौद्यांकडे वळण्यात भवितव्य आहे का, असं तू विचारलंस. आहे, आणि चांगलंच आहे. या क्षेत्रात ऑटोमॅटिक रूटने (सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय) १०० टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा आहे, आणि फंड आला की काही वर्षांनी तो बाहेरही पडतो. पुण्याची सह्याद्री हॉस्पिटल्स २०२२मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक फंडाकडून कॅनडाच्या ओंटारिओ टीचर्स पेन्शन प्लॅनकडे गेली. २०२५मध्ये ती मणिपाल हॉस्पिटल्सने घ्यायचं ठरलं. दर वेळी ड्यू डिलिजन्स (खरेदीआधीची कागदपत्रांची तपासणी) नव्याने.

पण शेअर परचेस ॲग्रीमेंट (शेअर-खरेदीचा करार) उत्तम लिहिणारे वकील मुंबईत पुष्कळ आहेत. हॉस्पिटलचे परवाने, ट्रस्ट डीड आणि डॉक्टरांचे करार वाचता येणारे कमी, आणि सौदा अडतो तो नेमका तिथे.

परवान्यांपासून सुरुवात कर. महाराष्ट्रात १९४९च्या कायद्याखालची नर्सिंग होम नोंदणी, बायोमेडिकल वेस्टची परवानगी, फायर एनओसी, फार्मसी, एक्स-रे आणि सीटीसाठी एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, असेल तर ब्लड सेंटर आणि अवयव प्रत्यारोपण, सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची नोंदणी. तक्ता कर: परवाना कोणाच्या नावावर, मुदत कधी संपते, मालकी बदलली तर काय होतं. शेवटच्या रकान्यासाठी मूळ नियम वाचावेच लागतात. पीसीपीएनडीटीच्या नियम ६ प्रमाणे नोंदणी हस्तांतरित होत नाही. मालकी किंवा व्यवस्थापन बदललं की प्रमाणपत्राच्या दोन्ही प्रती परत द्यायच्या आणि नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा. स्लम्प सेलमध्ये, म्हणजे शेअरऐवजी अख्खा व्यवसायच एकरकमी विकताना, हे सरळ लागू होतं. शेअर खरेदीत कंपनी तीच राहते, पण सगळं बोर्ड बदललं तर ‘व्यवस्थापन बदललं’ असं धरायचं का? क्लोजिंगच्या (सौदा पूर्ण होण्याच्या) आधी समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे ही नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, लेखी उत्तर घे. नाहीतर मशीन सील होण्याचा धोका नव्या मालकाच्या माथी येतो. एखाद्या महिन्याचे फॉर्म एफही (गर्भवतींच्या सोनोग्राफीच्या नोंदी) मागव आणि स्वतः चाळ. अपुरा फॉर्म म्हणजे कारकुनी चूक, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये नाकारला आहे.

आता ट्रस्ट. आपल्याकडची कितीतरी जुनी हॉस्पिटलं सार्वजनिक न्यासांची आहेत. न्यासाला शेअर नसतात, त्यामुळे तो विकत घेता येत नाही. मग ऑपरेशन अँड मॅनेजमेंट (हॉस्पिटल चालवायला घेण्याचा) करार होतो. इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. त्यासाठीचा वेळ टाइमलाइनमध्ये धरला नाही की लाँग-स्टॉप डेट (सौदा पूर्ण करायची शेवटची तारीख) हमखास चुकते. त्याच कायद्याचं कलम ४१एए लागू असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. हे ओझं फायनान्शियल मॉडेलमध्ये आहे का, ते विचार. आणि विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट बघ: बदल धर्मादाय कार्यालयाला ९० दिवसांत कळवायचा असतो, पण जुन्या न्यासांत ते वर्षानुवर्षं पडून असतात. मग करारावर सही करणाऱ्याला अधिकार होता का, इथूनच वाद सुरू होतो.

या कागदांतले बरेचसे मराठीत असतात: ट्रस्ट डीड, न्यासाच्या नोंदणीचा परिशिष्ट १चा उतारा, मालमत्ता पत्रक, महापालिकेचे ठराव. महापालिकेच्या जमिनीची भाडेपट्ट्याची अट भाषांतरात निसटते आणि मुळात वाचणाऱ्याला दिसते. मराठीचं हे भांडवल वापर.

डॉक्टरांकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष दे. रुग्ण बहुतेक वेळा डॉक्टरच्या नावावर येतात, आणि ते डॉक्टर सहसा नोकरदार नसून कन्सल्टंट असतात. कराराची मुदत संपल्यावरचा नॉन-कंपीट (स्पर्धक म्हणून काम न करण्याची अट) भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. म्हणून बांधायचं ते पैशांनी: लांब नोटीस पीरियड, टप्प्याटप्प्याने मोबदला, विकणारा स्वतः डॉक्टर असेल तर अर्न-आउट (किमतीचा काही भाग पुढच्या कामगिरीनुसार नंतर देणं). खरेदीदार परदेशी असेल तर एकूण किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मागे ठेवता येते, आणि तीही १८ महिन्यांत द्यावी लागते. त्यामुळे तीन वर्षांचा अर्न-आउट कागदावर छान दिसतो आणि फेमापाशी (परकीय चलन कायद्यापाशी) अडतो.

कट प्रॅक्टिसचं, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरला कमिशन देण्याचं, नाव कोणी घेत नाही, पण ती लेजरमध्ये सापडते. मार्केटिंग, प्रोफेशनल फी आणि कॉन्फरन्सचे खर्च डॉक्टरनिहाय मागव. रेफर केलेल्या रुग्णांच्या प्रमाणात रक्कम हलत असेल तर ते कमिशनच, आणि २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत त्याला बंदी आहे. हे नुसत्या वॉरंटीवर (विकणाऱ्याच्या हमीवर) सोडू नकोस. खास इंडेम्निटी (नुकसान भरून देण्याची लेखी हमी) माग आणि प्रथा क्लोजिंगआधी बंद करून घे, कारण पुढे त्याचं बिल रुग्णच भरतो.

फर्म लगेच बदलायची गरज नाही. आहेस तिथेच पुढच्या हॉस्पिटल डीलमध्ये परवान्यांचा तक्ता मागून घे. ज्युनिअर मंडळी हे काम टाळतात, म्हणून ते सहज मिळेल. तीन-चार सौदे झाले की हॉस्पिटल साखळीच्या लीगल टीममध्ये किंवा हेल्थकेअर फंडात जायचं का ते बघ. इन-हाउस गेल्यावर सौद्यांच्या बरोबरीने रुग्णांच्या तक्रारी आणि टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपन्यांच्या) कपातीही वाट्याला येतील, हे मुलाखतीतच विचारून घे.

कळावे,
तुझा हितचिंतक