वाचक विचारतात: गाळाने बुजलेलं बंदर आणि हवेत कडक होणारा दगड

प्रश्न: ताई नमस्कार, आमची पावसला हापूसची बाग आहे. गणपती झाल्यावर ऑक्टोबरात थोडी सवड असते तेव्हा मी, बायको आणि आई तुर्कस्तानला जायचं म्हणतोय. टूरवाल्याने आठ दिवसांत सहा शहरं असं पॅकेज दिलंय. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, शिवाय ती म्हणते पडके दगड बघायला एवढे पैसे कशाला घालवता. काय बघू आणि काय सोडू? (पावस)

उत्तर: दादा, सहा शहरं नकोच. अर्धा वेळ बसमध्ये जाईल आणि आईंचे गुडघे पहिल्या दोन दिवसांतच बोलायला लागतील. इस्तंबूलला उतरा आणि मग फक्त तीन जागा धरा, एफेसस, पामुक्काले आणि कपाडोक्या. ऑक्टोबर चांगलाच निवडलात, ऊन सोसवतं, फक्त कपाडोक्यात पहाटे गारठा असतो तर आईंसाठी स्वेटर आणि कानटोपी घ्याच.

आणि पडक्या दगडांचं म्हणाल तर मला अगदी मनापासून वाटतं की हे दगड कोकणातल्या माणसाला जितके कळतील तितके दुसऱ्या कोणाला कळणार नाहीत. एफेसस हे रोमन काळातलं बडं बंदर होतं. तिथल्या मोठ्या थिएटरमध्ये सुमारे २५,००० माणसं बसायची आणि थिएटरच्या समोरून संगमरवरी फरसबंदीचा रुंद रस्ता थेट धक्क्यापर्यंत जायचा. आज त्या रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं तर समुद्र दिसतच नाही, तो पाच-सहा किलोमीटर लांब गेलाय, कारण नदीने शतकानुशतकं गाळ आणून टाकला, बंदर उपसायचे प्रयत्नसुद्धा झाले पण गाळ काही थांबला नाही आणि व्यापार गेला तसं गावही हळूहळू उठलं. आपल्या राजापूरच्या खाडीत एके काळी गलबतं वरपर्यंत यायची, इंग्रजांची वखार होती तिथे, आणि आता गाळाने काय झालंय ते तुम्हाला माहीतच आहे. आईंना एवढं सांगा, मग त्या तिथे पडके दगड बघणार नाहीत, गेलेलं बंदर बघतील.

तिथे वरच्या गेटने आत शिरा आणि खालच्या गेटने बाहेर पडा, म्हणजे सगळा उतार मिळतो. संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. उतरताना समोर सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत येते, दुसऱ्या शतकातली. सेल्ससच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथालय बांधलं आणि वडिलांची कबर त्याच इमारतीच्या पोटात ठेवली. ती भिंत कोसळलेली होती, १९७० च्या दशकात मूळचे तुकडे जुळवून पुन्हा उभी केलीये, त्यामुळे जवळ जाऊन सांधे बघा. टेरेस हाउसेसचं तिकीट वेगळं पडतं पण तेवढे पैसे घालाच, श्रीमंतांच्या घरातली भित्तिचित्रं आणि मोझेकच्या जमिनी आहेत आणि वर छप्पर असल्याने आईंना सावलीही मिळेल.

पामुक्कालेला डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या-पायऱ्यांची कुंडं आहेत. गरम झऱ्याच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो, पाणी उघड्यावर आलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना थरावर थर बसतो. गरम झरे तुम्हाला नवीन नाहीत, उन्हाळे आणि उन्हवरे आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथे त्या पाण्यासाठी वरच्या सपाटीवर हिएरापोलिस नावाचं अख्खं शहर वसलं, लोक बरं व्हायला यायचे आणि म्हणूनच की काय, स्मशानही भलंमोठं आहे. हे सगळं १९८८ पासून जागतिक वारसा आहे. कुंडांवर अनवाणीच चालावं लागतं, खालच्या गावाकडून गेलात तर तो अनवाणी चढ आईंना जमणार नाही, दक्षिण गेटपर्यंत गाडीने जा.

कपाडोक्यात ज्वालामुखीची राख साचून मऊ दगड झालाय, वर कठीण दगडाची टोपी राहिली तिथे सुळके उभे राहिले, बाकीचं पाऊसवाऱ्याने धुऊन नेलं. हा दगड कापताना मऊ लागतो आणि हवा लागली की कडक होतो, आपल्या चिरेखाणीतल्या जांभ्याचंही तेच, म्हणून तर तिथे लोकांनी डोंगरातच घरं आणि चर्चं कोरली. गोरेमेच्या कोरीव चर्चमधली चित्रं चुकवू नका. देरिनकुयूचं जमिनीखालचं शहर मात्र आईंना नको, सुमारे ८५ मीटर खोल आहे, वाटा इतक्या बुटक्या की कमरेत वाकून चालावं लागतं. तुम्ही दोघं जाऊन या, तोवर त्या वर चहा घेत बसतील.

व्हिसाचं आधी बघा. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिळू शकतो, नाहीतर पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे गणपतीआधीच कागद द्या.

प्रश्न: कपाडोक्याला बलूनची राइड कुठल्या दिवशी बुक करावी? (मालवण)

उत्तर: पोचल्यावर पहिली जी पहाट मिळेल तीच. उडायचं की नाही हे वाऱ्यावर ठरतं आणि परवानगी रोज सकाळी मिळते, नाही मिळाली तर पुढची पहाट हातात राहते. शेवटचा दिवस धरलात आणि वारा सुटला तर संपलं. दर्यावर जाणाऱ्या मालवणच्या माणसाला वाऱ्याचं मी काय सांगू! रद्द झालं तर पैसे परत मिळतात का हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. आणि नाहीच मिळालं तरी पहाटे एखाद्या उंच जागी जाऊन बसा, बलून खालून बघायलाही सुंदर दिसतात आणि ते फुकट आहे.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, उपाशी तर राहणार नाही ना? (चिपळूण)

उत्तर: अजिबात नाही. मसुरीच्या डाळीचं सूप जवळजवळ सगळीकडे मिळतं, वर लिंबू पिळून घ्या. पालक, बटाटा किंवा चीज भरलेली पातळ पोळी तव्यावर भाजून देतात तिला गोझलेमे म्हणतात, तीही मिळते. भात आणि सूप मात्र कधीकधी मटणाच्या किंवा चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असतं, दिसायला कळत नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी दर वेळी विचारा.