सर्व्हिसिंगमध्ये पॅनियरवर ओरखडे, आणि जॉबकार्डवर आपलीच सही

प्रश्न : मोटरसायकल सर्व्हिसिंगला दिली होती. दोन्ही बाजूंना गाडीच्याच रंगाचे हार्ड पॅनियर, म्हणजे सामान ठेवायच्या कडक पेट्या, आहेत. त्यांवर ओरखडे पडू नयेत म्हणून मी पारदर्शक फिल्म लावून घेतली होती. मागचं चाक काढण्यासाठी सर्व्हिस सेंटरने पॅनियर उतरवले. घरी आल्यावर पाहतो तर उजव्या पॅनियरच्या फुगीर भागावर चार-पाच ओरखडे, फिल्म फाटलेली. डाव्याच्या झाकणाच्या कडेलाही ओरखडा. व्यवस्थापक म्हणतात, ही वापराची झीज आहे. जॉबकार्डच्या मागे ‘अ‍ॅक्सेसरीजची जबाबदारी ग्राहकाची’ असं छापलंय आणि ‘काम समाधानकारक’ याखाली माझी सही आहे. नवीन जोडी मागता येईल का?

उत्तर : सहीमुळे तुमचा हक्क बुडत नाही. नव्या जोडीचं मात्र विसरा.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. डाव्या झाकणाचा ओरखडा कमानीसारखा वळलेला आहे, त्याच्याजवळ आणखी दोन-तीन पुसट ओरखडे आहेत आणि त्यांत मळ बसलेला आहे. साइड स्टँड डावीकडे, म्हणून आपण चढतोही डावीकडून. पाय मागून पलीकडे टाकताना बुटाची टाच त्याच कडेला लागते. हा ओरखडा तुमचाच आहे. तो तक्रारीत घालू नका. घातलात तर समोरचा वकील सुरुवात तिथूनच करेल आणि उजव्या बाजूचं तुमचं खरं नुकसानही संशयात सापडेल.

उजवी बाजू वेगळी आहे. ओरखडे समांतर, एकाच दिशेचे, आणि पॅनियर पालथा ठेवला तर जमिनीला जो भाग टेकेल नेमके तिथेच. पालथा ठेवून कोणीतरी सरकवलाय, असं दिसतं. फिल्म फाटली आहे आणि तिच्याखालचा रंगही खरवडला गेलाय. झीज अशी नसते. पॅनियर ज्या खुंट्यांवर बसतो तिथे धूळ अडकते, गाडीच्या थरथरीने ती महिनोन्‌महिने घासते आणि रंग मंद होतो. तिला झीज म्हणायचं. सर्व्हिसिंगला देण्याआधीचा, तारखेसह असलेला उजव्या बाजूचा एखादा फोटो शोधा. सहलीतला चालेल. फोनमधला मूळ फोटो पुसू नका. पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आता कायदा. वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झाल्यावर परत घेणं, याला भारतीय करार कायदा, 1872 मध्ये बेलमेंट म्हणतात. कलम 151 नुसार ताबा घेणाऱ्याने त्या वस्तूची काळजी सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घ्यायला हवी. स्वतःचा रंगवलेला पॅनियर कोणी उघड्या फरशीवर पालथा ठेवेल का? वस्तू चांगल्या स्थितीत दिली होती एवढं तुम्ही दाखवलंत, की काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार त्यांच्यावर जातो. म्हणून तो जुना फोटो इतका मोलाचा.

छापील ओळीचा आधार ते कलम 152 मधल्या ‘विशेष करारा’त शोधतील. अशा ओळीने निष्काळजीपणाही माफ होतो का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, त्यामुळे ती ओळ शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण ती मागच्या पानावर आहे आणि सही पुढच्या पानावर. शिवाय पॅनियर त्यांच्याच कामासाठी उतरवले गेले. तक्रार मात्र ‘अनुचित करार’ म्हणून मांडू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तसली तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. ‘सेवेतील त्रुटी’ म्हणा. जिल्हा आयोग पुरे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सहीबद्दल विचारलंत : ती कामाबद्दल आहे, पॅनियरच्या स्थितीबद्दल नाही. तरी घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी संदेश पाठवला असता तर बरं झालं असतं. आज पाठवा.

मागणी एवढीच करा : उजव्या पॅनियरचं रंगकाम, नवी फिल्म, ती लावण्याची मजुरी. दुसऱ्या एखाद्या रंगकाम करणाऱ्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात ‘ओरखडे ताजे, घासटून आलेले’ असं त्याला दिसत असेल तर तेही लिहून मागा. मग ईमेल, पंधरा दिवस थांबा, नंतर स्पीड पोस्टाने नोटीस. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करायलाही हरकत नाही; एवढ्यातेवढ्या रकमेची प्रकरणं पुष्कळदा तिथेच मिटतात. विम्याच्या मागे लागू नका. बाहेरून बसवलेली अ‍ॅक्सेसरी पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर दावा उभाच राहत नाही, आणि असली तरी एवढ्यासाठी नो क्लेम बोनस घालवणं परवडत नाही.

व्यवस्थापक ‘आणा, पॉलिश करून देतो’ म्हणतील. लेखी कबुलीशिवाय देऊ नका. पॉलिशने ओरखड्यांच्या कडा गुळगुळीत होतात आणि मग ते ताजे होते की जुने, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि तो फाटलेला फिल्मचा तुकडा लोंबत असला, डोळ्यांना कितीही खुपत असला, तरी तूर्त सोलू नका.