ग्राहकाच्या ईमेलचा पासवर्ड साठवण्याआधी

तुमच्या सेवेला ग्राहकाची मेल वाचायची आहे म्हणून तुम्ही त्याच्या ईमेलचा पासवर्ड मागताय. आधी तिथेच थांबा. तुमच्या साइटचा लॉगिन पासवर्ड हॅश करून (म्हणजे मूळ रूपात परत आणता येणार नाही असा बदलून) ठेवता येतो, कारण तो जुळतो का एवढंच तपासायचं असतं. आयमॅपला (मेल सर्व्हरवरून मेल वाचण्याच्या पद्धतीला) साध्या पद्धतीने जोडायचं तर मूळ पासवर्डच लागतो. म्हणजे तो उलगडता येईल असाच ठेवावा लागणार, आणि सर्व्हर ज्याच्या हाती पडला त्यालाही तो उलगडता येणार. मग इतर साइटवरची 'पासवर्ड विसरलात?'ची मेलही त्यालाच मिळणार!

म्हणून जीमेल, आउटलुकसाठी ओऑथ २.० (पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) वापरा. ग्राहक गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्याच पानावर लॉगिन करतो, तुम्हाला फक्त टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, मिळतं आणि ते तो कधीही रद्द करू शकतो. वाचायचंच असेल तर वाचनापुरतीच परवानगी मागा. टोकनही उघडं ठेवू नका: एईएस-२५६-जीसीएम या कूटपद्धतीने कूटबद्ध करा, दर वेळी नवा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) घ्या (त्याच किल्लीबरोबर तोच पुन्हा वापरला की संरक्षण कोलमडतं), किल्ली डेटाबेसबाहेर ठेवा. एरर लॉगमध्ये अख्खी रिक्वेस्ट छापली जात नाही ना, हेही बघा. टोकन तिथे उघडं पडतं.

तुमच्या स्वतःच्या लॉगिनचे पासवर्ड हॅश करायला आर्गॉन२आयडी ही पद्धत घ्या: किमान १९ मेबीबाइट मेमरी, २ फेऱ्या. बीक्रिप्ट ही जुनी हॅश पद्धत सहसा ७२ बाइटांपुढचं बघतच नाही, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे बीक्रिप्टसाठी मराठी पासवर्ड २४ चिन्हांतच संपतो.