गाडी बिघडली नाही, झाकण उघडं आहे

वाचकांचे प्रश्न : छोटी गाडी

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गाडी बिघडली असं समजून गॅरेज गाठलं, आणि निघालं ते गाडीचं ठरवून दिलेलं वागणं. अशी पत्रं इथे एकत्र घेतली आहेत. जिथे खरंच काम करून घ्यावं लागतं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

सीएनजी भरून झाल्यावर गाडी सुरूच होईना. डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण सेल्फ फिरत नाही. पंपावरच्या मुलांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. बॅटरी नवी आहे. — वाचक, नाशिक

बॅटरीला हात लावू नका. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या बहुतेक गाड्यांत गॅस भरायच्या जागेच्या झाकणापाशी एक बारीक स्विच असतो. झाकण उघडं असेपर्यंत इंजिन सुरू होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. पंपाची नळी जोडलेली असताना चुकून गाडी पुढे जाऊ नये म्हणून ही सोय आहे. झाकण वरून लागल्यासारखं दिसतं, पण आत ‘टक्’ झालेलं नसतं. गाडी ढकलताना कुणाचा तरी हात झाकणावर पडला असेल आणि ते बसलं असेल, म्हणून ‘आपोआप’ सुरू झाली.

पुढच्या वेळी किल्ली बंद करा, खाली उतरा, झाकण पूर्ण उघडा. गाडीच्या गॅस भरायच्या तोंडावरची रबरी टोपी नीट बसली आहे ना ते बघा. ती तिरकी राहिली तर झाकण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर आत जात नाही. मग आवाज येईपर्यंत झाकण दाबा. तरीही रोजच असं होत असेल तर स्विचच्या दांडीत चिखल बसला असेल. कोरड्या फडक्याने पुसा आणि बोटाने दाबून ती मोकळी परत येते का बघा. अडकत असेल तर स्विच बदलून घ्या. स्विच वगळून तारा थेट जोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच मानू नका. नळीतला गॅस साधारण २०० बार दाबाचा असतो.

माझी सीएनजी गाडी सकाळी पहिला एक किलोमीटर पेट्रोलवरच चालते. शिवाय रात्री टाकी फुल्ल केली की सकाळी गॅसच्या चार दिव्यांपैकी एक विझलेला असतो. गळती आहे का? — वाचक, पिंपरी

दोन्हींची कारणं वेगळी, आणि दोन्ही साधी.

टाकीतला २०० बारचा गॅस इंजिनला द्यायचा तर दाब खूपच उतरवावा लागतो. हे काम रिड्यूसर करतो. दाब एकदम उतरला की गॅस कमालीचा गार पडतो आणि रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) फिरवलेलं असतं. कूलंट पुरेसं तापेपर्यंत गाडी पेट्रोलवर चालते, मग स्वतःहून गॅसवर जाते. टाटा टियागोसारख्या काही गाड्या थेट सीएनजीवर सुरू होतात, पण बाकीच्यांना ही सकाळची सवय असणारच. म्हणूनच पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नका. पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्यानेच गार राहतो. पाव टाकी कायम असू द्या, आणि आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही मोकळे राहतात.

दिव्याचं म्हणाल तर ते दिवे वजन नाही, दाब दाखवतात. भरताना गॅस दाबला जातो, तापतो. रात्रीत निवला की तोच गॅस कमी दाब दाखवतो. टाकी ५० अंशांवरून ३० अंशांवर आली तर १० ते २० बारचा फरक सहज पडतो. गॅस कुठेही गेलेला नसतो. दुपारी रांगेत उभं राहून भरण्यापेक्षा पहाटे भरला तर थोडा जास्त बसतो, तोही याच कारणाने.

गळतीची शंका कधी घ्यायची? गाडी बंद असताना डिकी उघडल्यावर वास आला, किंवा न चालवता दोन दिवसांत दोन दिवे उतरले तर. तेव्हा टाकीवरची चावी हाताने बंद करा, दारं उघडी ठेवा, आणि विजेचं एकही बटण न दाबता अधिकृत सीएनजी केंद्राला बोलवा. आणि हो, टाकीची हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाने घेतलेली) दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. तारीख टाकीच्या पट्टीवर असते. ती आजच बघून ठेवा.

मागच्या डाव्या बाजूचं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. गॅरेजमध्ये दाराचं लॉक बदलायला सांगितलं आहे. — वाचक, सोलापूर

थांबा. दार उघडून त्याच्या कडेला, लॉकच्या जरा वर किंवा खाली बघा. तिथे एक छोटी कळ असेल, शेजारी लहान मुलाचं चित्र. ती चाईल्ड लॉकची कळ. गाडी धुताना फडक्याने सरकली असणार. उलट बाजूला सरकवा, झालं.

घाट उतरताना न्यूट्रल टाकला तर पेट्रोल वाचतं, असं वडील सांगतात. आंबा घाटात ते तर किल्लीही बंद करतात. मला भीती वाटते. — वाचक, रत्नागिरी

तुमची भीती रास्त आहे, आणि पेट्रोलही वाचत नाही. वडिलांची सवय कार्बोरेटरच्या काळातली असावी. तेव्हा त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की संगणक इंजिनला पेट्रोल देणंच बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. फेरे आयडलच्या जवळ आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या जिवावर फिरवावं लागतं, आणि छोटं इंजिन त्यासाठी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पिऊन टाकतं. तुमच्या गाडीत त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवायची सोय असेल तर वडिलांना तो आकडा दाखवा. तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर पाय काढला की काटा थेट टोकाला जातो. न्यूट्रलमध्ये तो खाली येतो. शंभर वेळा समजावण्यापेक्षा हे एकदा दिसलं की पटतं.

किल्ली बंद करणं तर थेट जिवाशी खेळ आहे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबले की साठलेली ओढ संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. चुकून किल्ली बाहेर आली तर स्टिअरिंग लॉकही होतं. कृपा करून ही सवय आजच मोडा. नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

नवी एएमटी गाडी घेतली. तिला ‘पी’ (पार्किंग) नाही! उतारावर लावायची कशी? आणि चढावर थांबलं की मागे का येते? — वाचक, सावंतवाडी

भारतातल्या छोट्या गाड्यांत एएमटी आली ती २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर, आणि तेव्हापासून हा प्रश्न येतो. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर पाडणं ही कामं यंत्र करतं. आत इतर ऑटोमॅटिक गाड्यांसारखा टॉर्क कन्व्हर्टर नाही, तसाच ‘पी’चा खटकाही नाही.

लावताना ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक पूर्ण ओढा. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर दांडी ‘डी’ किंवा ‘एम’मध्ये, उताराकडे असेल तर ‘आर’मध्ये ठेवा, आणि ब्रेक न सोडताच किल्ली बंद करा. गिअर पडलेलाच राहतो आणि इंजिन चाकांना धरून ठेवतं. सुरू करताना ब्रेक दाबून दांडी ‘एन’मध्ये आणा, मगच किल्ली फिरवा. ‘सुरू होत नाही’ अशी तक्रार करणारे बरेच जण ही पायरी विसरतात.

चढावर मागे येणं हा बिघाड नाही, क्लच अजून पूर्ण धरलेला नसतो इतकंच. हिल होल्डची (चढावर गाडी धरून ठेवायची) सोय असेल तर ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवली जाते. नसेल तर हँडब्रेक लावून थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: सिग्नलला चढावर ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी तोलून धरणं. तेव्हा क्लचप्लेट सतत घासत असते. जळका वास येतो, काही गाड्या बीप देतात, आणि न ऐकलं तर काही हजार किलोमीटरांतच क्लचचा खर्च उभा राहतो. हा खर्च वॉरंटीत सहसा बसत नाही.

गिअर बदलताना येणारा झटका कमी करायचा असेल तर इंजिनचा आवाज चढला की पाय क्षणभर किंचित उचला. गाडी लगेच वरचा गिअर घेते.

पावसात एसी लावला तरी काचेवर वाफ धरते. कधी कधी तर एसीनेच धरते. — वाचक, महाड

वाफ दोन प्रकारची असते आणि उपाय अगदी उलटे आहेत, म्हणून गोंधळ होतो. आधी काचेला आतून बोट लावा. बोटाची रेघ उमटली तर वाफ आत आहे. उमटली नाही तर बाहेर.

आतली वाफ श्वासाची, ओल्या चपलांची, मागच्या सीटवर टाकलेल्या छत्रीची. हवेची खटकी ‘बाहेरची हवा’कडे न्या. बहुतेकांची ती कायम ‘आतली हवा’वर असते, आणि तीच दमट हवा गाडीत घुमत राहते. मग हवेचा झोत पुढच्या काचेकडे, पंखा तीनवर, एसी चालू, आणि तापमानाची कळ लाल बाजूकडे. हो, एसी आणि हीटर एकाच वेळी. एसीची जाळी हवेतलं पाणी काढते, हीटर ती कोरडी हवा ऊन करतो, आणि ऊन कोरडी हवा काच भराभर साफ करते. काही गाड्यांत काचेचं चिन्ह निवडताच एसी आणि बाहेरची हवा आपोआप सुरू होते.

बाहेरची वाफ रात्री, दमट हवेत, एसीच्या गार झोताने काच थंडगार झाली की धरते. थंड पाण्याच्या तांब्याला घाम येतो, तसंच. इथे वायपर एकदा फिरवा, झोत काचेवरून काढून छातीकडे वळवा, तापमान थोडं वाढवा.

काच आतून तेलकट असेल तर काहीही करा, वाफ धरणारच. डॅशबोर्डला चकाकीसाठी लावलेलं पॉलिश उन्हात उडून काचेवरच बसतं. ओल्या मायक्रोफायबरने पुसून लगेच जुन्या वर्तमानपत्राने कोरडं करा. मागच्या काचेवरच्या बारीक तारांच्या आडवं कधी घासू नका. तारांच्या दिशेनेच पुसा.

एसी लावला की शेजारच्या सीटखालची चटई भिजते. — वाचक, ठाणे

हे मात्र काम करून घ्या. एसीच्या जाळीवर साठलेलं पाणी एका रबरी नळीने गाडीखाली पडतं. गाडीखाली थेंब पडतात ते हेच, ते चांगलं लक्षण. नळी धुळीने तुंबली की पाणी आत उलटतं. नळीचं तोंड इंजिनच्या मागच्या पत्र्यापाशी, बहुधा डाव्या बाजूला, खालून दिसतं. बोटाने चेपून मऊ करा, किंवा जाडसर मऊ वायर हळूच सरकवा. घाण पाणी भसकन येतं. तारेचा टोकदार भाग आत लांब घालू नका, जाळीला भोक पडलं तर गॅस जाईल. चटई काढून खालचा फोम उन्हात दोन दिवस वाळवा, नाहीतर पत्रा खालून गंजतो.

टाकी ३५ लिटरची, पण पंपावर ३७ लिटर भरलं. फसवणूक ना? — वाचक, जळगाव

लगेच तसं म्हणू नका. पुस्तकातला आकडा ठरावीक क्षमतेचा असतो. गळ्याची नळी आणि वाफेसाठी सोडलेली जागा वेगळी. नोझल बंद झाल्यावरही ‘राऊंड फिगर’ करत भरत राहिलं तर ती जागाही भरते. त्यात नुकसान तुमचंच: पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरतं आणि मग टाकी भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. पहिल्या ‘टक्’ला थांबा. मापाची शंका असेल तर पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, ते मागा. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

गाडी ८० च्या वर गेली की बीप वाजतो. बंद कसा करायचा? — वाचक, अमरावती

बटण नसतं. १ जुलै २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांत हा इशारा नियमानेच बसवलेला आहे: ८० ओलांडल्यावर अधूनमधून, १२० ओलांडल्यावर सलग. शेजारच्या सीटवर जड पिशवी ठेवली की पट्ट्याचा बीप वाजतो, तोही त्याच नियमातला. पिशवी खाली ठेवा. पट्ट्याच्या खाचेत बसवायची बाजारातली नुसती पट्टी मात्र कुणीही घेऊ नये. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठीच आखलेली असते.

रिमोटचा सेल संपला, गाडीत शिरताच येईना. बटण-स्टार्टची गाडी आहे. — वाचक, फोंडा

रिमोटच्या कडेला एक छोटी खटकी असते. ती ओढली की आतून साधी लोखंडी किल्ली निघते. चालकाच्या दाराच्या मुठीवर भोक दिसत नसेल तर मुठीच्या टोकाची प्लास्टिकची टोपी किल्लीच्या टोकाने खालून उचका. दार उघडल्यावर अलार्म वाजू लागला तर घाबरू नका. ब्रेक दाबा (मॅन्युअल असेल तर क्लच), आणि रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून त्यानेच बटण दाबा. रिमोटमधली चिप सेलशिवायही इतक्या जवळून ओळखली जाते. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती पुस्तकात एकदा बघून ठेवा.

सेल बहुधा सीआर २०३२. रिमोट नाण्याने उचकून उघडताना नाण्याला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कडा खरचटत नाही. जुना सेल काढण्याआधी अधिकची बाजू कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या.